गाळलेल्या जागा

मोरेश्वर धुरींना वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी नवीन नाव मिळालं आणि ते त्यांना अजिबात पसंत पडलं नाही.

नाव म्हणजे कॉलसाइन. हौशी रेडिओवाल्यांच्या दुनियेत माणूस आधी कॉलसाइन असतो आणि मग माणूस. परवान्याबरोबर सरकार अक्षरं-आकडे जुळवून एक ओळख देतं. हवेवर तोंड उघडायचं ते तिचा उच्चार करून आणि बंद करायचं तेही तिनेच. धुरींची ओळख, प्रत्येक अक्षरासाठी ठरलेला शब्द उच्चारून, 'व्हिक्टर युनिफॉर्म टू माइक डेल्टा रोमिओ' अशी होती, बंदर खात्यात वायरलेसवर नोकरीला होते तेव्हापासूनची. त्यांची बायको म्हणायची, "ह्येंका झोपेतसून उठवलां तरी आधी माइक डेल्टा रोमिओ म्हणतत, आणि मगे कोण मेला म्हणान इचारतत." ती बिचारी चार वर्षांपूर्वी गेली. मागे कॉलसाइन उरला होता, तोही आता सरकारने काढून घेतला आणि 'एट टँगो सेव्हन किलो लिमा झुलू' असा नवा हातात ठेवला.

"ह्यो काय कॉलसाइन आसा? ट्रकाचो नंबर आसा ह्यो," धुरी म्हणाले.

सरकारचाही इलाज नव्हता. फोनवरच्या आवाजावर तेव्हा कोणीच विश्वास ठेवत नसे. मुलाच्या आवाजात बापाला लुटणारी यंत्रं गल्लोगल्ली झाली होती. दुधाने तोंड पोळलेले लोक सख्ख्या बहिणीचा फोन आला तरी आधी घरच्या कुत्र्याचं नाव विचारत. त्यात वादळांचा हंगाम लांबत चाललेला, वर्षातून दोन-तीनदा किनाऱ्यावरचे सगळे टॉवर आडवे. म्हणून संकटकाळी हौशी रेडिओ हाच अधिकृत आधार ठरला, आणि हवेवर बोलणारा खरा माणूसच असावा यासाठी सगळ्यांना नवे कॉलसाइन आणि त्यांच्यासोबत 'पूर्णस्वर' नावाचे नवे संच देण्यात आले.

या संचाची करामत समजून घ्यायला हवी. जुना रेडिओ आवाज जसाच्या तसा पाठवायचा. वाटेत विजा कडाडल्या की शब्द फाटायचे. पूर्णस्वर आवाज पाठवतच नाही. बोलणाऱ्याने आधी जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन एका बंद खोलीत बसायचं आणि समोर येईल ते वाचायचं. त्यावरून यंत्र त्याची स्वरछाप तयार करतं. घसा, दात, श्वास, लकबी, कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येतो याची सवय, सगळं तीत उतरतं. ही छाप त्याच्या कॉलसाइनच्या नावावर प्रत्येक संचात भरून ठेवलेली असते. हवेवरून येतात त्या फक्त बारीक खुणा. ऐकणाऱ्याचा संच त्या खुणा धरून त्या माणसाचा आवाज आपल्या घरातच नव्याने उभा करतो.

आणि खुणा वाटेत हरवल्या तर? तर शाळेतल्या पेपरासारख्या गाळलेल्या जागा भरायच्या. 'पाऊस', मग खरखर, मग 'पडतोय', एवढंच पोचलं तर मध्ये 'जोरात' घालायचं, तेही त्याच्याच आवाजात. उत्तर बहुधा प्रश्नाला धरून असतं, म्हणून समोरच्याने काय विचारलं होतं तेही यंत्र ध्यानात ठेवतं. खरोखर ऐकलेला शब्द असला की संचावरचा दिवा हिरवा आणि भरलेला असला की पिवळा. कोकणच्या दमट हवेत तो सतत हिरवा-पिवळा लुकलुकायचा, त्यामुळे थोड्याच दिवसांत त्याच्याकडे बघणं सगळ्यांनी सोडून दिलं.

धुरींना या छाप घेण्याच्या खोलीत नेलं ते त्यांच्या मुलीने. प्रणिता कातळदांडीच्या हायस्कुलात भौतिकशास्त्र शिकवायची आणि तालुक्याच्या रेडिओ क्लबची सकाळची हजेरीही तीच घ्यायची. बापाचे कान गेले होते हे तिला माहीत होतं. जुन्या सेटवर ते सारखं "काय? काय म्हणतंस?" करत आणि दोष हवामानाला देत. नवा संच लावला त्या दिवशी ती शेजारच्या खोलीतून बोलली आणि म्हाताऱ्याचा चेहरा एकदम उजळला. "गो, तू किती स्पष्ट बोलतंस," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी यंत्राला शिव्या देणं बंद केलं. कॉलसाइनला मात्र चालूच ठेवलं.

क्लबात नव्या कॉलसाइनचं बारसं करायची पद्धत होती. सकाळच्या हजेरीत सगळ्यांनी नाव विचारायचं, नव्या माणसाने ते न अडखळता सांगायचं आणि जो चुकेल त्याने पुढच्या बैठकीला भजी आणायची. धुरी रोज चुकायचे. "माइक डेल्टा... हात मेल्या! एट टँगो सेव्हन किलो लिमा झुलू." असं रोज, नेमानं. क्लबाला इतकी भजी आयुष्यात मिळाली नव्हती.

*

किनाऱ्यासमोर कासवखडप नावाचं उघडंबोडकं बेट आहे. त्यावर हवामानाचा मनोरा, क्लबचा अँटेना आणि काँक्रीटची एक लहानशी खोली. वादळ उद्या येणार असं सांगितलं होतं, म्हणून धुरी सकाळीच बाबी तांडेलच्या होडीतून अँटेनाच्या तारा आवळायला गेले. बाबी पन्नाशीचा, समुद्रावर वाढलेला माणूस. वादळाने दिलेला शब्द पाळला नाही. दुपारीच वारं उठलं, बेटावरून होडी परत आणता येईना इतकं, आणि माडांच्या झावळ्या रस्त्यावर झोपायला लागल्या.

गाव निवाऱ्यात जमलं. खालच्या खोलीत प्रणिताने संच मांडला. बाबीची बायको सुगंधा तिच्याजवळ येऊन बसली. ती ना रडत होती, ना काही विचारत होती, नुसती संचाकडे बघत होती. प्रणिताला ते बघणं सोसवेना.

"एट टँगो सेव्हन किलो लिमा झुलू, बाबा, तुमी खंय आसात? ओव्हर."

खरखर. मग अर्धवट तुटका आवाज, मग नुसताच वारा. एकदा कसलासा धाडकन आवाज झाला आणि त्यानंतर बराच वेळ काहीच नाही. बेटावरचा अँटेना पडला असणार हे प्रणिताला कळलं. आता बाबांजवळ हातातला छोटा संच तेवढा उरला होता. 

ती पुन्हा पुन्हा हाक मारत राहिली. आणि अचानक, शेजारी बसून बोलावं इतक्या स्वच्छपणे, बाप बोलला.

"एट टँगो सेव्हन किलो लिमा झुलू. आमी बरे आसंव गो. खोलयेत बसलंव. काळजी करू नको. ओव्हर."

सुगंधाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "बाबी?" एवढंच म्हणाली.

"बाबा, बाबी कसो आसा? ओव्हर."

"बाबी बरो आसा. हयच बसलो आसा माझ्या बाजूक. ओव्हर."

तालुक्याच्या नियंत्रण कक्षातून भोगटेसाहेब त्यांच्या तशाच संचावर हे सगळं ऐकत होते. बचावाची बोट आणि तिच्यावरची चार माणसं त्यांच्या हाताखाली होती. ते मध्ये बोलले, "मॅडम, उत्तम झालं. वडील सुरक्षित आहेत, ओळख पक्की दाखवतोय संच. आता या वाऱ्यात बोट काढत नाही. पहाटे समुद्र जरा बसला की पहिली फेरी तिकडेच."

प्रणिताने हो म्हटलं. कोणीही म्हटलं असतं. सुगंधाने तिला कोरा चहा आणून दिला. त्या दोघी थोडं हसल्यासुद्धा. मधून मधून प्रणिता हाक मारी आणि मधून मधून बाप उत्तर देई. जेवलात का? जेवलंव. थंडी वाजते का? वाजता थोडी.

चहा निम्मा संपला तेव्हा तिच्या मनात आलं, बाबा एकदाही चुकले नाहीत.

आधी तिला कौतुकच वाटलं. संकटात का होईना, शिकले एकदाचे. मग कप तिच्या हातातच राहिला. जो माणूस न्याहारी करताना, वारा नसताना, स्वतःच्या ओट्यावर बसून रोज चुकतो, तो या तुफानात एकदाही चुकत नाही? घाबरलेला माणूस जुनं नाव घेईल की नवं? तिने कित्येक दिवसांत प्रथमच संचाच्या दिव्याकडे नीट बघितलं. दिवा पिवळा होता. ती बघत राहिली. बाप बोलत होता आणि दिवा एकदाही हिरवा झाला नाही.

"काय झाला गो?" सुगंधाने विचारलं.

 प्रणिताने बटण दाबलं. आपण काय विचारणार आहोत याचीच तिला भीती वाटत होती, तरी विचारलं.

"बाबा, आई हय बसली आसा माझ्यावांगडा. तिका काय सांगूचा आसा? ओव्हर."

सुगंधा दचकली. प्रणिताच्या आईला स्मशानात नेलं तेव्हा तिने स्वतः दारात उभं राहून हात जोडले होते.

थोडी खरखर झाली. मग धुरींच्या आवाजात, धुरींच्याच मायेनं संच बोलला, "तिका म्हण घाबरा नको. आणि माझा जेवान झाकून ठेव म्हणान सांग. सकाळी येतंय. ओव्हर."

 प्रणिताने बटणावरचं बोट काढून घेतलं.

"ह्यो कोण बोलता?" सुगंधाने अगदी हळू विचारलं.

"कोण नाय," प्रणिता म्हणाली. "वयनी, थंय कोणच बोलणा नाय."

तिने पूरक, म्हणजे गाळलेल्या जागा भरणारा भाग, बंद केला. संचाच्या मागे तशी एक कळ होती, क्लबात कोणी ती कधी दाबली नव्हती. क्षणात बापाचा आवाज पुसला गेला आणि जे खरोखर येत होतं तेवढंच ऐकू येऊ लागलं. नुसती खरखर. ओल्या लाकडावर करवत फिरावी तशी. इतका वेळ त्या दोघी या खरखरीशी गप्पा मारत होत्या. जेवलात का विचारत होत्या.

प्रणिताने कान लावला. मध्येच तिला वाटलं, आत कोणीतरी 'माइक डेल्टा' म्हणतंय. मग वाटलं, 'प्रणिता' म्हणतंय. मग कळेना. ती शाळेत शिकवायची की माणसाचा कानही तुटका आवाज जुळवून घेतो, जे ऐकायचं असतं तेच ऐकतो. आता ते शिकवणं तिच्यावरच उलटलं होतं. बाप तिथे हाका मारत असेल किंवा नसेल. हे ठरवायला तिच्याजवळ काहीही नव्हतं.

*

तिने भोगट्यांना सगळं सांगितलं. जितकं शांतपणे सांगता येईल तितकं.

ते ऐकून घेणारे गृहस्थ होते. तरी म्हणाले, "मॅडम, सत्तरीचा माणूस घाबरला की मागचं बोलायला लागतो. माझी आजी शेवटी सगळ्यांना माहेरच्या नावांनी हाक मारायची. आवाज त्यांचाच आहे हे संच सांगतोय."

"आवाज त्यांचाच आहे. बोलणं त्यांचं नाही."

"आणि तुम्ही म्हणता त्यावर मी चार माणसं या समुद्रात घालू? त्यांनाही घरं आहेत. तिकडून कोणी मदत मागितली असती तर गोष्ट वेगळी. तिकडून तर सांगतायत, आम्ही बरे आहोत."

 भोगटे चूक बोलत नव्हते, आणि तीच खरी पंचाईत होती. बेटावरच्या त्या खोलीला समुद्राच्या बाजूला दार आहे. भरतीला लाट थेट उंबऱ्याला लागते. आणि भरती संध्याकाळी होती.

प्रणिता कळीवर बोट ठेवून बसली. मनात आलेला विचार तिला पटत नव्हता. खोटा संदेश पाठवणं हे रेडिओवाल्यांतलं सगळ्यात मोठं पाप. बापाने तिला लहानपणी आधी हेच शिकवलं होतं, अक्षरं नंतर. पण खोटा संदेश तर मघापासून येतच होता. तिला तो फक्त दुसरीकडे वळवायचा होता.

तिने पूरक पुन्हा चालू केला. दिवा पिवळा झाला.

"बाबा, खोलयेत पाणी शिरला काय? ओव्हर."

"होय गो," बाप म्हणाला. "खोलयेत पाणी शिरला. ओव्हर."

"किती चढला? कमरेपर्यंत इला काय? ओव्हर."

"कमरेपर्यंत इला. ओव्हर."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण आवाज तिने स्थिर ठेवला. "बोट धाडूची काय? ओव्हर."

"धाड गो. बेगीन धाड. ओव्हर."

यंत्राने त्यात कळवळासुद्धा घातला होता. तो कोणी मागितला नव्हता. सुगंधा उठून भिंतीशी जाऊन उभी राहिली होती आणि भुताकडे बघावं तसं प्रणिताकडे बघत होती.  भोगटे म्हणाले, "बोट काढतो."

*

दिवेलागणीच्या सुमाराला बोट खाडीच्या तोंडाशी दिसली. पाऊस उणावला होता, वारा नाही. धक्क्यावर गाव उभं होतं. प्रणिता आणि सुगंधा सगळ्यांत पुढे, एकमेकींचा हात धरून. बोटीत कोण कोण आहे ते मोजायचा दोघी प्रयत्न करत होत्या आणि लाटा मोजू देत नव्हत्या.

बोटीवरच्यांनी धुरींना उचलूनच वर घेतलं. अंगावर त्यांचंच कोणाचं तरी जाकीट होतं, ओठ काळेनिळे पडले होते. पण डोळे उघडे होते. प्रणिता त्यांच्या गळ्यात पडली. बाप जिवंत आहे, एवढंच तिला त्या क्षणी कळत होतं.

सुगंधा बोटीत वाकून बघत होती. बोटीत आणखी कोणी नव्हतं.

"बाबी खंय आसा?" तिने विचारलं.

बोटीवरचा माणूस तिची नजर चुकवून म्हणाला, "बेटावर हे एकटेच होते, ताई. मनोऱ्याला धरून. पाणी छातीपर्यंत होतं."

"धुरीकाकानू, बाबी खंय आसा?"

धुरींनी सुगंधाकडे बघितलं, मग मुलीकडे. त्यांना काहीतरी समजत नव्हतं.

"तो तुमच्याकडे इलो नाय?" ते म्हणाले. "गो प्रणिता, तूच सांगितलंस मां. पाणी चढाच्या आदी. बोट खडपाच्या खालच्या धक्क्याक लागली आसा, बाबीक आदी धाडा, मगे तुमका नेतंत. तो जायना. म्हणालो, काका, माका बोट दिसणा नाय. मी तेका म्हटलंय, माझा चेडू सांगता, बोट आसतलीच. दोनदा इचारलंय मी तुका. दोनदा तू होय म्हटलंस. तेवा तो उतारलो."

 दुपारभर प्रणिता आपल्या संचातल्या बापाला घाबरत होती. बापाच्या हातातही एक संच होता, आणि त्याच्यात तिची छाप होती, हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "मी असा काय म्हटलंच नाय."

"तुझोच आवाज होतो. मी तुझो आवाज वळखूचंय नाय? इतको स्पष्ट..." बोलता बोलता ते थांबले.

"ती नाय बोलली."

हे सुगंधा म्हणाली. ती धक्क्याच्या कडेला उभी होती, खाडीकडे तोंड करून, आणि तिचा आवाज अगदी सपाट होता. "मी सगळो येळ तिच्या बाजूक होतंय, काकानू. बाबीक धाडा म्हणान तिना सांगूक नाय. ता यंत्र बोलला."

नवरा गेलेल्या बाईने दिलेली ती साक्ष होती. तिच्यावर शंका घ्यायला जागा नव्हती. धुरी उभ्या जागी खाली बसले. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्याचा निरोप खात्री केल्याशिवाय पुढे दिला नव्हता. आजही त्यांनी खात्री केली होती, दोनदा.

प्रणिता त्यांच्यासमोर ओल्या फरशीवर बसली. "बाबा, घराक चला," ती म्हणाली.

धुरी दचकून मागे सरले. तिने बोलायला तोंड उघडलं म्हणून दचकले. मग त्यांनी हात पुढे केला आणि आपली गार, खारट बोटं तिच्या ओठांवर ठेवली. आंधळा माणूस चेहरा चाचपतो तशी.

"आता बोल," ते म्हणाले.

तिला बोलायचं होतं. मीच आहे, एवढंच सांगायचं होतं. पण बाप डोळे मिटून तिचे ओठ हलायची वाट बघत होता, त्यांच्यामागे सुगंधा काळोख्या पाण्याकडे बघत बाबीला हाका मारायला लागली होती, आणि प्रणिताला स्वतःच्या आवाजाची अशी भीती वाटली की तिच्या तोंडून शब्दच फुटेना.